भेगेवरची काच

आमचं घर खाली थोडं आणि वर फार आहे. सासऱ्यांनी बांधलं तेव्हा मागे दोन खोल्या आणि पुढे काचेचं दुकान, एवढंच होतं. मग गावाबाहेर बॅटऱ्यांचा कारखाना आला, त्याच्या पाठोपाठ माणसं आली, माणसांच्या पाठोपाठ त्यांचे भाऊ, मेहुणे, बायका, पोरं. सगळ्यांना डोक्यावर छप्पर हवं होतं आणि आमच्याकडे छप्पर होतं, म्हणून यांनी त्या छपरावर आणखी एक छप्पर घातलं. मग दुसरं. मग तिसरं. पाया मात्र सासऱ्यांचाच राहिला.

"बाबांनी दणकट बांधलंय," हे म्हणायचे. दणकट बांधलं होतं यात वादच नाही, पण ते आपल्या चार माणसांपुरतं बांधलं होतं. नाकापेक्षा मोती जड होतोय, असं मी एकदा बोलून गेले. "मोती आहे ना? मग झालं तर!" हे म्हणाले आणि काचेवर पट्टी ठेवून ती कापायची हिरकणी ओढायला लागले. आमचे हे काचेचं काम करतात. गावात जो तो मजले चढवतो, मजल्यांना खिडक्या लागतात, खिडक्यांना काचा लागतात, त्यामुळे यांना मजला हा शब्द ऐकला की गुदगुल्या होतात.

एकट्या यांना तरी का बोला? सगळी गल्लीच या वेडाने झपाटलेली. समोरच्या शिंप्याने मजला चढवला की शेजारच्या औषधवाल्याच्या गच्चीवर लगेच सळया उभ्या. शिंप्याच्या गॅलरीतून औषधवाल्याच्या गॅलरीत आता हातातल्या हातात साखर देता येते. आमच्याकडे कपडे वाळायला दोन दिवस लागतात. ऊन वरच्या वरच संपतं.

मी बाळंतपणाच्या दवाखान्यात नर्स आहे. तिथे एका खाटेवर दोन बाळंतिणी निजवतो, एकीचं डोकं दुसरीच्या पायांशी. घरी यावं तर वर तोच प्रकार, फक्त बाप्ये. एक खाट दोघांनी घेतलेली. दिवसपाळीचा रात्री झोपतो, रातपाळीचा दिवसा. एकाच्या अंगाची ऊब जायच्या आत दुसरा पाठ टेकतो. माझी लेक पहिलीत आहे, तिची शाळाही दोन पाळ्यांत भरते. सगळ्या गोष्टी कमी पडतात म्हणून आम्ही त्या अर्ध्या अर्ध्या करून वापरतो, आणि यालाच हे बरकत म्हणतात.

भेग मला सापडली ती लेकीची चप्पल शोधताना. मागच्या खोलीतलं कपाट सरकवलं, तर भिंतीवर छतापासून खिडकीच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी चीर गेलेली. मी नख घातलं. नख आत गेलं. त्या खोलीत सासूबाई निजतात, आणि त्यांच्या कुशीत माझी लेक. आणि त्या दोघींच्या डोक्यावर तीन मजले, खाटा, पाण्याच्या टाक्या आणि कितीतरी झोपलेले बाप्ये.

यांनी बघितलं आणि म्हणाले, "गिलाव्याची भेग आहे. प्रत्येक घराला असते."

"मग मिस्त्रींना तसं म्हणू दे," मी म्हणाले.

वरचे तिन्ही मजले ज्यांनी चढवले तेच मिस्त्री आले. भेगेवरून बोट फिरवलं, भिंतीला कान लावला आणि यांच्याकडे एक काचेची पट्टी मागितली, बोटभर रुंद आणि वीतभर लांब. ती भेगेवर आडवी ठेवून दोन्ही टोकं त्यांनी सिमेंटने भिंतीला पक्की केली.

"भेग मेलेली असेल तर काचेला काही होणार नाही," ते म्हणाले. "जिवंत असेल, म्हणजे भिंत अजून सरकत असेल, तर काच तडकेल. तडकली की मला बोलवा. तोवर वर वीटसुद्धा चढवायची नाही."

"आणि नाही तडकली तर?" हे म्हणाले. यांच्या डोक्यात चौथा मजला तेव्हाच बांधून तयार होता.

"पुढच्या हंगामापर्यंत टिकली, तर घालू स्लॅब. काच शाबूत, तर घर शाबूत. सोपं आहे."

सासूबाई खाटेवर बसून लसूण सोलत होत्या. त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "काच शाबूत राहिली की घराला काही होत नाही ना हो?"

"काही होत नाही, आजी," मिस्त्री म्हणाले. हातपाय धुतले, चहा घेतला आणि गेले. गावात कामं इतकी की त्यांना श्वास घ्यायला सवड नव्हती.

त्या दिवसापासून कामावरून आले की पायातली चप्पल काढायच्या आधी मी ती काच बघायची. काच शाबूत. लख्ख, सरळ, जशी लावली तशी. मग माझा जीव भांड्यात पडायचा. पण भांडं तरी किती वेळ पुरणार? मग न्हाणीघराचं दार अडकायला लागलं. यांनी ते रंधा मारून घासलं. काही दिवसांनी पुन्हा अडकलं, पुन्हा घासलं. तिसऱ्या वेळी मी म्हणाले, "अहो, दार फुगत नाहीये, चौकट दबतेय."

"दमट हवा आहे," हे म्हणाले.

जिन्यातल्या खिडकीची काच एका दुपारी आपोआप चिरली. कोणी हात लावला नाही, दगड नाही, चेंडू नाही. ज्याचा धंदाच काचेचा, त्या माणसाने आपल्याच घरातल्या फुटक्या काचेसमोर उभं राहून सांगितलं, "हा लॉटच वाईट आला होता." मी काय बोलणार? मी ताप मोजणारी बाई. हाताला कपाळ चटका देत असलं तरी थर्मामीटर नाही म्हणालं तर नाही, ही माझी सवय. आमचं थर्मामीटर मागच्या खोलीत भिंतीवर होतं आणि ते रोज सांगत होतं, ताप नाही.

पण मला भीती वाटायची. खरं सांगते, मला त्या घरात पाय जपून टाकायची सवय लागली. वर कोणी खाट सरकवली की मी घास तोंडात तसाच धरून ऐकत राहायची. लेक जोरात उडी मारायला लागली की तिच्यावर खेकसायची. एकदा ती म्हणाली, "आई, घर झोपलंय का?" मी म्हणाले, "हो, दमलंय." हे हसले. मला हसू आलं नाही.

काच टिकली. पुढचा हंगाम आला. यांनी येणाऱ्याजाणाऱ्याला मागच्या खोलीत नेऊन काच दाखवायला सुरुवात केली, जशी माणसं पोराचं प्रगतिपुस्तक दाखवतात. चौथ्या मजल्यावर खाटा नाहीत, खोल्या काढायच्या, कुटुंबवाल्यांना द्यायच्या, असं ठरलं. खोल्या बांधायच्या आधीच घेणारे ठरले. कोणी नात्याचा दाखला द्यायचं, कोणी कामाचा, एकीने तर माझ्याच दवाखान्यातला दिला. "माणसं वाढतायत, जमीन वाढत नाही," हे म्हणायचे, "म्हणून वर जायचं. एवढं साधं गणित आहे." ऐकताना ते खरंच साधं वाटायचं.

स्लॅबच्या दिवशी मी रजा घेतली. सकाळी मिस्त्री आले, आधी मागच्या खोलीत जाऊन काच बघितली, समाधानाने मान हलवली आणि वर गेले. गल्लीच्या तोंडाशी मिक्सर धडधडायला लागला. जिन्यात मजुरांची रांग लागली आणि ओल्या मालाच्या पाट्या या हातातून त्या हातात वर चढायला लागल्या. हे वर उभे राहून ओरडत होते, आनंदाने. तिसऱ्या मजल्यावरचे रातपाळीवाले त्या गदारोळातही घोरत होते. त्यांच्यातल्या एकाला माझी लेक झोपाळूकाका म्हणते. मिक्सर उशाशी आणला असता तरी तो गडी उठला नसता.

मी मजुरांचा चहा ठेवला होता. एवढ्यात मागच्या खोलीतून सासूबाईंनी हाक मारली.

"अगं, जरा दुकानातून एक पट्टी कापून आण गं. माझे गुडघे आज अगदी धरलेत."

"कसली पट्टी, आई?"

"बोटभर रुंदीची. तुला ठाऊक आहे की! आज मेल्या टिकतच नाहीत. सकाळपासून ही दुसरी गेली."

मला आधी काही कळलंच नाही. मी हात पुसत मागच्या खोलीत गेले. सासूबाई भिंतीशी उभ्या होत्या. हातात काचा बसवायच्या लांबीचा, सिमेंट मिसळलेला गोळा होता, तो त्या अंगठ्याने मळत होत्या. सासऱ्यांच्या बरोबरीने त्यांनी आयुष्यभर खिडक्यांना काचा बसवल्या, लांबी लावण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. भेगेवरची काच मधोमध तडकलेली होती. एक अर्धा वर, एक अर्धा खाली, आणि दोन्ही एका रेषेत नव्हते.

"आई," मी म्हणाले. "याआधी कधी तडकली होती?"

"अगं, तडकतेच ती. आधी आठवड्याने तडकायची, मग दिवसाआड. मी लगेच दुसरी लावते. तुम्ही दोघं कामाची माणसं, तुम्हाला कशाला घोर?" त्यांनी खाटेखालचा बिस्किटांचा डबा पायाने पुढे ढकलला. "तुकडे यात टाकते. पोरीच्या पायात जायला नकोत."

मी डबा उघडला. तो काठोकाठ भरला होता.

"मिस्त्री म्हणाले होते ना," सासूबाई मला समजावत होत्या, जशी त्या लेकीला समजावतात, "काच शाबूत तर घर शाबूत. म्हणून मी एक दिवस तिला फुटकी राहू दिली नाही. माझ्या नवऱ्याचं घर आहे ते. मी आहे म्हणून उभं आहे."

त्यांच्या चेहऱ्यावर इतका अभिमान होता की मला ओरडता आलं नाही. लेक खाटेवर बसून चित्र रंगवत होती. मी तिला उचललं, रस्त्यापलीकडे शिंप्याच्या दुकानात नेऊन बसवलं, "इथून हललीस तर बघ," एवढंच म्हणाले आणि डबा घेऊन जिना चढले. पाट्या खांद्याला लागत होत्या, माल अंगावर सांडत होता, मजूर शिव्या देत होते. प्रत्येक पायरीवर मला वाटत होतं की या पाटीने, नाहीतर पुढच्या पाटीने.

गच्चीवर अर्धा स्लॅब ओतून झाला होता. करडा, ओला, चकाकणारा. मी मिस्त्रींच्या हातात डबा दिला.

ते दोन तुकडे हातात घेऊन बघत राहिले. "सकाळी तर मीच बघितली की काच!"

"ती आज सकाळीच लावलेली होती. सगळ्या आईंनी लावल्यात. हे सगळे तुकडे त्याच जागचे आहेत."

मिस्त्री जिन्याच्या तोंडाशी आले. मग मोठ्याने ओरडले, "थांबवा! पाट्या थांबवा! सगळे खाली!"

"डोकं फिरलंय का?" हे धावत आले. "अर्ध्यात थांबवलं तर स्लॅबमध्ये कच्चा सांधा राहील. सगळा माल फुकट जाईल!"

"मालाचं काय घेऊन बसलात?" मिस्त्री म्हणाले. "खाली माणसं आहेत. ती भिंत चालतेय, शेठ. सगळा वेळ चालत होती, आणि आपण तिच्या डोक्यावर हे ठेवलंय. ओला आहे तोवर फावड्यांनी काढून खाली टाकू. चला, कोण येतंय?"

कोणी आलं नाही. भेग जिवंत आहे, एवढं कानावर पडल्याबरोबर मजूर जिन्याने घरंगळत खाली गेले होते. ओला माल वर तसाच राहिला. मिस्त्री एकट्याने चार फावडी मारून थांबले.

आम्ही खाली आलो. सासूबाई खाटेवरून हलेनात. "मी उठले तर पट्टी कोण लावणार?" त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या. शेवटी यांनी आणि मिस्त्रींनी त्यांना खुर्चीत बसवून खुर्चीसकट उचलून रस्त्यावर आणलं. त्या यांच्या पाठीत बुक्क्या मारत होत्या आणि रडत होत्या. त्या क्षणी यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. मला वाटलं, समजलं यांना. उशिरा का होईना, समजलं.

मग मी भाडेकऱ्यांना उठवायला वर गेले. दारं बडवली, पांघरुणं ओढली. बरेचसे डोळे चोळत, पिशव्या उचलत निघाले. झोपाळूकाका मात्र खाटेवर उठून बसला आणि तसाच बसून राहिला.

"काका, चला! घर पडायला आलंय."

"आज पडेल?"

"मला काय माहीत? आज पडेल, उद्या पडेल!"

"ताई," तो शांतपणे म्हणाला, "घर कदाचित पडेल. मी उठलो तर खाट मात्र गेलीच. ही मिळायच्या आधी मी पुलाखाली झोपत होतो. तिथेसुद्धा आता जागा नाही, बघून या हवं तर."

मी त्याचा हात धरून ओढलं. दवाखान्यात कळा देणाऱ्या बायका उचलते मी, माझ्या अंगात जोर आहे. त्याला मी जिन्यापर्यंत फरफटत आणला. तिथून तो स्वतः उतरला, पण गादीची वळकटी काखेत मारून.

दुपार गेली. आम्ही सगळे घराकडे तोंड करून रस्त्यावर उभे होतो. घर तसंच उभं होतं. मिस्त्री लोखंडी टेकू आणायला गेले होते, खालून आधार दिला तर निदान वरचे मजले उतरवता येतील म्हणून. ते रिकाम्या हातांनी परत आले. "गावात एक टेकू शिल्लक नाही," ते म्हणाले. "सगळे कोणाच्या ना कोणाच्या नव्या मजल्याखाली लागलेत. पंधरा दिवस तरी मिळणार नाहीत."

"तोवर?" मी विचारलं.

"तोवर आत कोणी जायचं नाही. आणि तो माल वर वाळणार, आता त्याला इलाज नाही." ते शेजारच्या गावात टेकू बघायला निघून गेले.

हे घराकडे बघत होते, मग रस्त्यावरच्या माणसांकडे, मग पुन्हा घराकडे. औषधवाला येऊन म्हणाला, "अरे, काही होत नाही. माझ्याकडे याच्या दुप्पट भेगा आहेत." हे त्याच्याकडे बघायला लागले, बुडणारा माणूस काडीकडे बघतो तसे.

मग कारखान्याचा भोंगा झाला. दिवसपाळी सुटली.

ते आले. दमलेले, काळ्या हातांचे, डोळे अर्धे मिटलेले. रोजच्यासारखे रांगेने गल्लीत शिरले आणि रोजच्यासारखे आमच्या दाराकडे वळले. मी धावत जाऊन दारात आडवी उभी राहिले. एक हात या चौकटीवर, एक त्या.

"आत जाऊ नका! भिंत सरकलीये. घर कधीही पडेल!"

"ताई, बाजूला व्हा हो. उभ्या उभ्या झोप येतेय."

"तुम्हाला मराठी कळत नाही का? मराल सगळे!"

मागे कुजबुज झाली. दिवसभर रस्त्यावर उभे असलेले रातपाळीवाले पुढे सरकले, कारण दिवसपाळीवाले आत गेले तर आपली हक्काची झोप बुडते, हे त्यांच्या लक्षात आलं. कोणीतरी म्हणालं, सकाळपासून तर उभं आहे घर. कोणीतरी म्हणालं, पडायचं असतं तर एव्हाना पडलं असतं. एक अनोळखी माणूस ट्रंक घेऊन आला होता. तो शिंप्याला विचारत होता, इथे जागा रिकामी झाली म्हणतात, ते खरं का?

त्या गर्दीतून एक बाई पुढे आली. दिवस भरत आलेले, एक हात कमरेवर. पॅकिंगमधल्या एका कामगाराची बायको, चौथ्या मजल्यावरची खोली यांनी त्यांनाच कबूल केली होती. गेल्याच आठवड्यात मी दवाखान्यात तिचं पोट तपासलं होतं. जुळी होती. खोली मिळणार म्हणून ती तेव्हा किती खूश होती.

"सिस्टर," ती अगदी हळू म्हणाली, कोणाला ऐकू जाऊ नये अशी, "घर पडणार म्हणता ना? मग भाडं थोडं कमी होईल का?"

मी मान वळवून यांच्याकडे बघितलं. ते माझ्या मागेच येऊन उभे होते, कधी आले कोण जाणे. मला वाटलं, आता हे ओरडतील. सगळ्यांना हाकलतील. आईला खुर्चीसकट उचलून आणलेला माणूस आहे हा.

हे माझ्याकडे बघत नव्हते. तिच्याकडे बघत होते.

"वरची खोली व्हायला वेळ लागेल," हे म्हणाले. "तोवर मागची घ्या. खालचीच आहे, जिना चढायला नको. भाड्याचं बघू आपण."

माझे हात चौकटीवर तसेच होते. मी ते काढले नाहीत. ती बाई क्षणभर थांबली, माझ्याकडे बघून ओशाळं हसली, पोट सावरत खाली वाकली आणि माझ्या हाताखालून आत गेली.